पिट्सबर्गच्या दोन संघांबद्दल सुहासला पत्र

प्रिय सुहास,

लेकीला कार्नेगी मेलनमध्ये सोडायला तू ऑगस्टच्या पहिल्याच आठवड्यात येतोयस आणि सप्टेंबर अखेरपर्यंत राहतोयस, हे वाचून फार बरं वाटलं. खेळ पाहायला वर्षातले याहून चांगले दिवस नाहीत. बेसबॉलचा मोसम संपत आलेला असतो आणि फुटबॉलचा (म्हणजे इथला, हाताने खेळायचा) सुरू होत असतो. बेसबॉलचे पायरेट्स आणि फुटबॉलचे स्टीलर्स, दोघांची मैदानं अ‍ॅलेगेनी नदीच्या एकाच काठावर, चालत दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावर. दोन्ही 2001 सालीच उघडली. ‘एकाच गावातला एक संघ जिंकतो आणि दुसरा सतत हरतो, असं का?’ हा तुझा प्रश्न मात्र दोन ओळींत उरकण्यासारखा नाही.

आधी पैशाचं सांगतो, कारण मूळ तिथे आहे. एनएफएलमध्ये, म्हणजे फुटबॉलच्या लीगमध्ये, टीव्हीचा राष्ट्रीय पैसा बत्तीस संघांत सारखा वाटला जातो. खेळाडूंच्या पगारावर कमाल मर्यादा असते, 2025 साली ती 27 कोटी 92 लाख डॉलर होती. खालच्या बाजूनेही बंधन आहे, मालकाला हात आखडता घेता येत नाही. त्यामुळे पिट्सबर्गसारखं मध्यम शहर न्यू यॉर्कशी बरोबरीने उभं राहतं. बेसबॉलमध्ये अशी कमाल मर्यादाच नाही. ठरावीक रकमेवर गेलं तर कर भरावा लागतो, एवढंच. प्रत्येक संघाच्या स्थानिक टीव्हीचा पैसा बराचसा त्याच्याकडेच राहतो, म्हणून लॉस एंजेलिसचे डॉजर्स पायरेट्सच्या कितीतरी पट खर्च करतात. पण सगळं खापर नियमांवर फोडायला मी तयार नाही. लहान शहरांचे इतर संघ याच नियमांत राहून जिंकतात. पायरेट्सचा पगारखर्च वर्षानुवर्षं तळाच्या संघांत असतो. त्यांच्या इतिहासातला दहा कोटी डॉलरच्या पुढचा पहिला करार 2023 साली झाला, ब्रायन रेनॉल्ड्सचा. मैदानात ‘संघ विका’ अशा घोषणा उठतात, त्या मालक बॉब नटिंग यांच्यासाठी, आणि त्या मला रास्त वाटतात.

हिशेब बघ. 1993 ते 2012, सलग वीस मोसम विजयांपेक्षा पराभव जास्त. मग 2013, 2014, 2015 अशी तीन सोन्याची वर्षं. 2015 मध्ये तर 98 विजय, तरी बाद फेरीतला एकच सामना हरून सगळं संपलं. त्या संघावर आणखी पैसे लावायचे, तर 2018 च्या जानेवारीत पिचर (चेंडू टाकणारा) गेरिट कोल आणि बॅटर अँड्र्यू मकचन दोघांनाही दुसऱ्या संघांकडे पाठवून दिलं. वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलचं अजिंक्यपद, शेवटचं जिंकलं ते 1979 साली.

आता पॉल स्कीन्स. काहीही चुकव, पण तो चेंडू टाकणार असेल तो दिवस चुकवू नकोस. 2023 च्या ड्राफ्टमध्ये (संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या क्रमांकावर घेतलेला, 2024 मध्ये नॅशनल लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक) सर्वोत्तम नवोदित, 2025 मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार. वेगवान चेंडू ताशी 98 ते 100 मैल. तू क्रिकेटचा माणूस, तर असं धर: आपली खेळपट्टी बावीस यार्ड म्हणजे साधारण 20 मीटर, इथे पिचर ते होम प्लेट (बॅटर उभा राहतो ती जागा) 18.4 मीटर, आणि चेंडू टप्पा न घेता येतो. त्याचं खरं अस्त्र ‘स्प्लिंकर’. स्प्लिटर आणि सिंकर यांच्या मधला हा चेंडू वेगवान चेंडूसारखाच निघतो आणि बॅटजवळ येता येता एकदम खाली बसतो. बॅटर वरून फिरवतो.

2025 मध्ये त्याचा ईआरए, म्हणजे दर नऊ डावांमागे (एका पूर्ण सामन्यामागे) त्याच्या नावावर लागलेल्या धावा, 1.97 होता. इतकं करून त्याच्या नावावर दहा विजय आणि दहा पराभव! सुरुवातीच्या पिचरला विजय मिळायला त्याने किमान पाच डाव टाकलेले हवेत, तो बाहेर जाताना संघ पुढे हवा आणि ती आघाडी शेवटपर्यंत टिकायला हवी. आपल्याच लोकांनी धावा केल्या नाहीत तर तो करणार काय? त्या वर्षी पूर्ण मेजर लीगमध्ये सर्वांत कमी होमरन (कुंपणापलीकडे मारलेले फटके, आपल्या षटकारासारखे) पायरेट्सचे होते.

यात मैदानाचाही भाग आहे. डावीकडच्या मधल्या कोपऱ्यात कुंपण 410 फुटांवर जातं, त्यामुळे उजव्या हाताच्या बॅटरचे उंच फटके तिथे झेलात जमा होतात. उजव्या टोकाला अंतर फक्त 320 फूट, पण भिंत 21 फूट उंच, पायरेट्सच्या रॉबर्टो क्लेमेंटेच्या 21 क्रमांकावरून. डावखुऱ्या बॅटरला ही बाजू फळते. फटका भिंतीवर आदळला तर दुहेरी (बॅटर दुसऱ्या बेसपर्यंत), वरून गेला तर होमरन, आणि प्लेटपासून 443 फुटांवर नदीच आहे. टप्पा न पडता थेट नदीत पहिला चेंडू 2002 साली ह्यूस्टनच्या डॅरिल वॉर्डने टाकला. माझं म्हणणं साधं आहे. दोन चांगले डावखुरे बॅटर बाहेरून पैसे मोजून आणा आणि स्कीन्सशी लांब मुदतीचा करार आत्ताच करा. सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू मोकळा होतो, म्हणजे 2029 च्या मोसमानंतर तो कुठेही जाऊ शकतो. मुदत जवळ येईल तसा तो महाग होत जाणार, आणि मग ‘परवडत नाही’ म्हणून त्यालाही कोलच्या वाटेने धाडतील, ही भीती मला खरीच वाटते.

क्लेमेंटेचं नाव आलंच आहे तर सांगतो. पोर्तो रिकोचा हा खेळाडू बरोबर 3000 हिट्सवर (बेस मिळवून देणाऱ्या फटक्यांवर) होता. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन जाताना विमान पडलं आणि तो गेला. 2025 च्या एप्रिलमध्ये उजव्या भिंतीवरचं त्याचं ‘21’ चिन्ह काढून तिथे दारूची जाहिरात लावली होती. लोक इतके खवळले की चिन्ह परत लावावं लागलं. लोकांनी केलं ते योग्यच केलं. लेकीच्या विद्यापीठापासून चालत जाण्याच्या अंतरावर पायरेट्सच्या जुन्या मैदानाची, फोर्ब्स फील्डची, विटांची भिंत अजून उभी आहे, तीही बघ. 13 ऑक्टोबर 1960 ला याच मैदानात पायरेट्सच्या माझेरोस्कीने वर्ल्ड सीरिजच्या निर्णायक सामन्यात शेवटच्या डावात होमरन मारून न्यू यॉर्कच्या यांकीजना 10-9 असं हरवलं. दर 13 ऑक्टोबरला लोक त्या भिंतीपाशी जमतात. आणि 2008 साली रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेल या उत्तर प्रदेशातल्या दोन भालाफेकपटूंना करारबद्ध केलं, तेही पायरेट्सनीच.

स्टीलर्सचं दुखणं उलट आहे. 1969 ते 2025 या काळात मुख्य प्रशिक्षक तीनच: नोल, काउअर, टॉमलिन. अशी स्थिरता दुसऱ्या कुठल्या संघाकडे नाही. 2003 नंतर एकही मोसम विजयांपेक्षा जास्त पराभवांचा गेला नाही. सुपर बोल, म्हणजे फुटबॉलची अजिंक्यपदं, सहा. तरी 2025 च्या मोसमापर्यंत पाहिलं तर बाद फेरीतला शेवटचा विजय जानेवारी 2017 चा! कारण एकच, क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून आक्रमण चालवणारा खेळाडू. ड्राफ्टमध्ये आधीच्या वर्षी जितके वाईट खेळलात तितका तुमचा नंबर आधी. 1969 मध्ये स्टीलर्स 1-13 (एक विजय, तेरा पराभव) असे बुडाले, म्हणून 1970 मध्ये क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ पहिल्या क्रमांकावर मिळाला. त्याने चार सुपर बोल दिले. 2003 मध्ये 6-10 झाले, म्हणून 2004 मध्ये अकराव्या क्रमांकावर बेन रॉथलिसबर्गर मिळाला. त्याने दोन. सहाच्या सहा इथेच संपतात. तो निवृत्त झाल्यापासून संघ दरवर्षी बरा खेळतो आणि ड्राफ्टमध्ये बहुधा विसाव्या-एकविसाव्या नंबरावर उभा राहतो. तिथे उरतात ते केनी पिकेटसारखे. तो 2022 ला विसावा घेतला आणि दोन वर्षांत पाठवून दिला. मग विल्सन, फील्ड्स, रॉजर्स अशी दुसऱ्या संघांतल्या क्वार्टरबॅकांची उसनवारी. मुद्दाम हरा असं मी कधीच म्हणणार नाही, ते या गावाला शोभणार नाही. पण पुढच्या दोन-तीन वर्षांच्या पहिल्या फेरीतल्या निवडी एकदम देऊन वरचा नंबर घेण्याचं धाडस करायला हवं. मधल्या मध्ये राहून भागणार नाही.

सामना बघताना चेंडूपेक्षा 90 क्रमांकाच्या टी. जे. वॉटवर नजर ठेव. तो बहुधा बचावफळीच्या डाव्या टोकाला असतो. त्याच्यासमोर एक जास्तीचा अडवणारा उभा केला की ओळखायचं, प्रतिस्पर्धी घाबरलेत. नदीकडच्या उघड्या दक्षिण टोकाला किक मारताना वारा त्रास देतो, तेही लक्षात ठेव.

आता तुझ्या कामाचं. स्टीलर्सची तिकिटं वर्षानुवर्षं आधीच संपतात, दुसऱ्या हातची घ्यावी लागतात आणि महाग पडतात. ऑगस्टमधले सराव सामने स्वस्त असले तरी घेऊ नकोस, मुख्य खेळाडू त्यात जेमतेम खेळतात. त्यापेक्षा लट्रोबला सेंट व्हिन्सेंट कॉलेजात सराव शिबिर बघ. गावापासून साधारण 65 किलोमीटर, कोविडची दोन वर्षं सोडली तर 1966 पासून तिथेच भरतं. प्रवेशाला पैसे पडत नाहीत, तिकीट मात्र आधी ऑनलाइन घ्यावं लागतं. फुटबॉलच्या मैदानात पिशवी पारदर्शकच चालते, 12 बाय 6 बाय 12 इंचांपर्यंत.

पायरेट्सला वरच्या मजल्यावर प्लेटच्या मागे, किंचित तिसऱ्या बेसकडे बस. पूल, नदी आणि डाउनटाउनच्या इमारती समोर येतात, आणि तिकीटही परवडतं. पिचर कोण हे साधारण चार-पाच दिवस आधी कळतं, स्कीन्सचं नाव आलं की लगेच घे. गाडी नेऊ नकोस. डाउनटाउनपासून ‘टी’ ट्राम नदीखालून नॉर्थ साइडला, म्हणजे मैदानांच्या बाजूला, फुकट जाते, आणि सामन्याच्या दिवशी क्लेमेंटे पूल गाड्यांना बंद असतो, चालत जाता येतं. शाकाहारी खायला पिरोगी मिळतात: करंजीच्या आकाराच्या, आत बटाटा आणि चीज. बेकन घालू नका असं आधी सांग.

पुण्याला परतल्यावर पायरेट्सचे संध्याकाळी 6:40 चे सामने तुझ्याकडे पहाटे 4:10 ला लागतील, ते जमणं कठीण. स्टीलर्सचे रविवारी दुपारी एकचे मात्र रात्री साडेदहाला, नोव्हेंबरात घड्याळं बदलली की साडेअकराला.

येण्याच्या तारखा पक्क्या झाल्या की कळव, म्हणजे लट्रोबचा दिवस ठरवता येईल. वहिनींना नमस्कार, लेकीला शुभेच्छा.

तुझा,
अविनाश