आईच्या मनगटासाठी आलो होतो, ताई

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आईच्या मनगटावर फिजिओथेरपीचे उपचार केल्याबद्दल तिने तुमचे आभार मानलेच आहेत, तेही पुरणपोळ्यांचा डबा देऊन. त्यामुळे हे पत्र तिच्या वतीने नाही, माझ्याच वतीने आहे. तुमच्यामुळे मला माणसाचा हात काढता यायला लागला. ‘मला साधं फूल काढता येत नाही’ असं तुम्ही सगळ्यांना सांगत असता, म्हणून हे चारचौघांत सांगावंसं वाटलं.

शाळेनंतर सुटलेली चित्रकला मी पन्नाशीला पुन्हा हातात घेतली. चेहरे त्या मानाने बरे जमायचे. नाक थोडं इकडेतिकडे झालं तरी कुणाचा ना कुणाचा चेहरा तयार होतोच. हाताचं तसं नाही. बोट जरा चुकलं की कलेतलं ओ की ठो न कळणाऱ्यालाही ते खटकतं. म्हणून तर नवशिक्यांच्या चित्रांतली माणसं कायम खिशात हात घालून उभी असतात. शाळेत चित्रकलेच्या इंटरमीजिएट परीक्षेला स्मरणचित्रातल्या बाजारात आम्ही सगळ्यांच्या हातात पिशव्या द्यायचो, त्या बोटं झाकायला!

तुमच्या दवाखान्यात आई मेणाचा शेक घेत बसायची तेव्हा मी कोपऱ्यात वही उघडायचो. एकदा तुम्ही डोकावलात आणि म्हणालात, “या बाईंचा अंगठा निखळलाय का?” मग उत्तराची वाट न बघता माझाच हात धरून शिकवायला सुरुवात केलीत.

बोट सुरू कुठून होतं, हे तुम्ही पहिल्यांदा दाखवलंत. मूठ वळल्यावर वर येतात ते उंचवटे म्हणजे बोटाचा पहिला सांधा. तळव्याकडून पाहिलं तर बोट बरंच पुढून सुरू झाल्यासारखं वाटतं, कारण मधली कातडी तिथपर्यंत जोडलेली असते. म्हणून एकच हात मागून पाहिला की बोटं लांब दिसतात आणि पुढून आखूड. मी दोन्हीकडून सारख्याच लांबीची काढत होतो. एवढं एक दुरुस्त केलं आणि माझ्या चित्रांतले हातमोजे गेले.

मग हाडं. हातात एकूण 27 : मनगटात 8, तळव्यात 5, बोटांत 14. हा आकडा पाठ करून चित्र सुधारत नाही, पण त्यापुढचं तुमचं वाक्य कामाला आलं. “तीर्थ घ्यायला हात पुढे करा,” असं तुम्ही म्हणालात. केला. तर्जनी आणि मधल्या बोटामागची तळव्यातली हाडं जवळपास जागची हलत नाहीत. करंगळी आणि अनामिकेमागची पुढे येतात, म्हणून तळवा खोलगट होतो. तोवर मी तळवा म्हणजे एक सपाट चौकोन समजून त्याला पाच बोटं चिकटवत होतो.

अंगठा तर वेगळंच प्रकरण. त्याचा सांधा मनगटालगत, आणि हात सैल सोडला की त्याचं नख बाकीच्या नखांच्या दिशेला नसतंच, जवळजवळ काटकोनात वळलेलं असतं. सैल हातात तर्जनी सर्वांत कमी वाकलेली आणि करंगळी सर्वांत जास्त, हेही तुम्हीच दाखवलंत. आता बसमध्ये झोपलेल्या माणसांचे हात बघायचा मला नादच लागलाय. (लोक संशयाने बघतात.)

सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र मनगटाची. हात ढिला ठेवून मनगट खाली पाडलं की बोटं आपोआप उघडतात, मागे वळवलं की आपोआप मिटतात. कारण बोटं मिटणारे-उघडणारे मोठे स्नायू कोपराखालच्या भागात असतात आणि त्यांच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) मनगटावरून पुढे जातात. हे कळल्यापासून मी बोटांपासून सुरुवात करणंच सोडलं. आधी कोपरापासून मनगटापर्यंतची दिशा, मग तळव्याचा कल, मग उंचवट्यांची कमान. बोटं सर्वांत शेवटी. हात जिवंत दिसतो तो या उतरत्या क्रमामुळे, नखांवरच्या छायेमुळे नव्हे, असं माझं आता ठाम मत झालंय.

आईला दिलेल्या व्यायामांचा कागद मी अजून जपून ठेवलाय. बोटं सरळ, मग फक्त मुळाशी वाकवून टेबलासारखी, मग हुकासारखी वळवलेली, मग टोकाची पेरं सरळ ठेवून मूठ, मग पूर्ण मूठ. तिच्यासाठी तो व्यायाम होता, माझ्यासाठी अख्खा अभ्यासक्रम. ती घरी हे करायची आणि मी समोर बसून काढायचो. सुरुवातीला तिची पूर्ण मूठ होतच नव्हती. ते वहीतही दिसतं. पुढच्या पानांवर बोटांची टोकं तळव्याला टेकलेली आहेत. माझी रेष सुधारली की तिचं मनगट, हे त्या पानांवरून सांगणं अवघड आहे.

अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या चित्राचा फोटो तुम्हाला दाखवला होता, आठवतं? कमळ धरलेली ती निमुळती, सांधे जेमतेम दिसणारी बोटं पाहून तुम्ही म्हणालात, “सुंदर आहेत, पण हा माझ्याकडे आला तर सांधा कुठे शोधू?” त्यावर मी हसलो खरा, पण त्या चित्रकाराला सांधे माहीत होते म्हणूनच ते लपवता आले असणार, असं मला अजूनही वाटतं. यावर तुमच्याशी निवांत वाद घालायचाय.

पावलं मात्र अजून जमत नाहीत. माझी माणसं हल्ली गुडघाभर गवतात उभी असतात. आमच्या मामांची टाच बरेच दिवस दुखतेय. त्यांना पुढच्या आठवड्यात घेऊन येतो. वही आणली तर चालेल ना?

आपला,
आईसोबत येणारा