बाथरूमच्या कामाचा क्रम चुकवून झालेल्या नुकसानीबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग

विषय: वॉटरप्रूफिंग झाल्यावर भिंत फोडणे, चाचण्या टाळणे आणि त्याची दुरुस्ती

महोदय,

आमच्या बाथरूमच्या संपूर्ण नूतनीकरणाचे काम आपल्या कंपनीकडे आहे. मालाबद्दल तक्रार नाही, गवंड्याचा हातही साफ आहे. तक्रार आहे ती कामाच्या क्रमाबद्दल. जो कारागीर मोकळा असेल त्याचे काम आधी, एवढाच हिशेब आपल्याकडे दिसतो.

सर्वांत मोठे नुकसान शॉवरच्या भिंतीचे. डायव्हर्टरचे, म्हणजे पाणी शॉवरकडे किंवा नळाकडे वळवणाऱ्या व्हॉल्व्हचे, मॉडेल आधीच ठरले होते, कोटेशनमध्ये तशी नोंद आहे. त्याची बॉडी भिंतीत बसते आणि किती खोल बसवायची ते तयार टाइलच्या पातळीवरून ठरते. ती हातात नसताना भिंत बुजवायचीच नसते. आपल्या माणसांनी पाइपची टोके बाहेर ठेवून गिलावा केला, वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारले, टाइल्स लावल्या. डायव्हर्टर आला त्यानंतर. मग टाइल्स फोडल्या, खाच पाडली, बॉडी बसवली, सिमेंट भरले आणि वर नव्या टाइल्स. फोडलेल्या जागी वॉटरप्रूफिंग पुन्हा केलेच नाही. विचारले तर सुपरवायझर म्हणतात, टाइल्समधल्या फटींत ग्राउट भरले की पाणी आत जात नाही. सिमेंटचे ग्राउट पाणी शोषते, हे ग्राहकाने कंपनीला सांगायचे का? पाणी अडवतो तो टाइलमागचा थर, आणि तोच आता तुटला आहे. गिलाव्यापूर्वी झालेली प्रेशर टेस्टही (पाइपात दाबाने पाणी भरून गळती पाहण्याची चाचणी) नंतर जोडलेल्या पाइपच्या सांध्यांना लागू होत नाही.

जमिनीचेही तेच. नहाणी ट्रॅप, म्हणजे जमिनीतले पाणी वाहून जाण्याचे तोंड, बंद करून पाणी साठवायचे आणि निदान २४ तास पातळी पाहायची, ही चाचणी टाइल्सच्या आधीची. आपल्याकडे ती टाइल्स लावल्यावर झाली, तीही दुपारी भरलेले पाणी संध्याकाळी सोडून देऊन! पातळी उतरली असती तरी पाणी कुठून गेले ते कसे कळणार होते?

भिंतीची तळची ओळ सोडून वरच्या टाइल्स, मग जमीन, मग तळची ओळ, असे केले असते तर नव्या फरशीवर सिमेंटच्या मसाल्याचे डाग पडले नसते आणि उताराप्रमाणे तळची ओळ नीट कापता आली असती. एक्झॉस्ट फॅनची वायर फॉल्स सीलिंग झाल्यावर आठवली; त्यासाठी पाडलेले भोक बुजवून द्यावे.

शॉवरच्या भिंतीच्या टाइल्स काढून नव्या सांध्यांवर वापरातल्या दाबाच्या दीडपट दाबाने चाचणी घ्यावी. शॉवरखालची जमीनही उघडावी, कारण कोपऱ्यात भिंतीचा आणि जमिनीचा थर अखंड जुळायला हवा. वॉटरप्रूफिंगचा हा नवा थर पूर्ण वाळल्यावर ४८ तास पाणी साठवून ठेवावे आणि दोन्ही चाचण्या माझ्या समोर व्हाव्यात. हा खर्च कंपनीचा. तोपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाही. उरलेल्या कामांचा क्रम, कोणत्या कामाआधी काय तपासणार यासह, सात दिवसांत लेखी कळवावा.

कमोड आणि वॉशबेसिन बसवायला उद्या माणूस येत असल्याचा निरोप मिळाला आहे. त्याला पाठवू नये.

कळावे,
आपली ग्राहक

सोबत: कोटेशनची प्रत, फोडलेल्या भिंतीची छायाचित्रे