त्या १३ डॉलरबद्दल

प्रिय बंड्या,

घरी येऊन तीन आठवडे झाले. फोनवर दोनदा बोललो पण जे बोलायचं होतं ते राहूनच गेलं, वैनी बाजूला होत्या, पोरांची गडबड चालू होती, आणि खरं सांगायचं तर हे फोनवर बोलण्यासारखं नाहीच. म्हणून आज रात्री जेवणं आटपल्यावर लिहायला बसलोय.

ह्यूस्टनला शेवटच्या शनिवारी आपण जेवायला गेलो होतो. ६४ डॉलर बिल झालं आणि तू खालच्या टिपच्या रेघेवर १३ लिहिलेस. मी लगेच हिशोब केला, हजार-अकराशे रुपये, नुसते ताट आणून ठेवायचे. गाडीत बसल्यावर मी तुला म्हटलं की ही लूट आहे, पगार मालकाने द्यायचा की गिऱ्हाइकाने, आणि आपल्याकडे अशी पद्धत नाही म्हणून आपण काय वाईट माणसं आहोत का. तू एवढंच म्हणालास की त्या वाढणाऱ्या पोरीला मालकाकडून तासाला २ डॉलर १३ सेंट मिळतात, आणि गप्प गाडी चालवत राहिलास. मला ते तेव्हा पटलं नाही. तू आकडा फुगवून सांगतोयस असंच वाटलं.

इकडे आल्यावर वाचलं. बरोबर आहे तुझं. टिप मिळणाऱ्या कामगाराला टेक्सासमध्ये मालकाने तासाला २.१३ डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा १९९१ पासून बदललेलाच नाही. १९९१ ला आपण पाचवीत होतो रे! बाकीच्यांचं केंद्राचं किमान वेतन ७.२५, ते पण २००९ पासून तिथंच अडकलंय. टिप धरून ७.२५ भरत नसतील तर वरचे मालकाने घालायचे असा नियम आहे, पण एकेकट्या पोरीने मालकासमोर वही घेऊन कधी उभं राहायचं? कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी हे चालूच दिलं नाही, तिथे पूर्ण किमान वेतन द्यावंच लागतं आणि टिप त्याच्यावर वेगळी. म्हणजे तुझ्या गावात तू ते १३ लिहिले नसतेस तर तो मालकाला धडा झाला नसता, त्या पोरीच्या घरभाड्यातून गेले असते. हे मला त्या रात्री कळायला हवं होतं.

अजून एक वाचलं ते डोक्यातून जात नाही. तिकडे यादवी युद्धानंतर गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांना पुलमन कंपनीने रेल्वेच्या झोपायच्या डब्यांत हमाल म्हणून ठेवलं, पगार अगदी थोडा आणि बाकी प्रवाशांच्या बक्षिसीवर जगा. त्यांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या पुढारपणाखाली युनियन काढली आणि कंपनीशी करार व्हायला १९३७ उजाडलं. बारा वर्षं. आपण टिप म्हणजे खूश होऊन दिलेलं काहीतरी समजतो, पण तिकडे पगार चुकवायची ती एक सोय होऊन बसली आणि अजून तशीच आहे. माझा राग खरा होता बंड्या, पण तो मी चुकीच्या माणसावर काढला.

आता इकडचं सांगतो. देवबागची खानावळवाली मावशी आठवते ना, गेल्या डिसेंबरात आपण सगळे जेवलो तिच्या पडवीत, सुरमई आणि तिसऱ्यांचं सुकं. तू ताटाखाली पाचशेची नोट ठेवून निघालास आणि ती अनवाणी वाळूतून गाडीपर्यंत धावत आली, "पैसे रवले तुमचे!" म्हणत. तू म्हणालास तुमच्यासाठीच आहेत, तर तिचा चेहरा पडला. तेव्हा तुला वाईट वाटलं होतं, की चांगल्या मनाने दिलं आणि हिने परत केलं. अरे, तिचं ते घर आहे. ताटाचे पैसे ती घेते, ते बाजारात मासळीचा जो भाव असेल त्याप्रमाणे, पण वाढते ती पाहुण्याला वाढते तशी. सोलकढी तिसऱ्यांदा हवी का विचारते ती वरच्या पैशासाठी नाही. तिच्या हातावर नोट ठेवणं म्हणजे तू यजमान होणं आणि तिला गडी करणं. पण पुढचं तू बघितलं नाहीस, तू गाडीत बसला होतास. ती नोट माझ्या हातात देऊन मागच्या दाराकडे बोट करत म्हणाली, "माका नको, तिका दी." मागे एक बाई राखेने कढया घासत होती, कोपरापर्यंत हात काळे. मी तिला दिली. तिने ओल्या हाताने घेतली, दोनदा घडी केली, कनवटीला लावली आणि परत कढईला लागली.

मला त्या वेळी त्यात काही विशेष वाटलं नव्हतं. आता वाटतं की सगळं त्या दोन वाक्यांतच होतं, मालकीण कोण आणि मजुरीवर कोण हे मावशीला नीट माहीत आहे, आपल्याला नाही. आपण "आपल्याकडे टिपची पद्धत नाही" म्हणताना मावशीचं उदाहरण देतो आणि बाजारातल्या हॉटेलात त्याच तोंडाने काही न ठेवता उठून जातो.

आमच्या शेजारचा पोरगा क्रूझवर आहे, गणपतीला आला होता. तो सांगत होता की त्याच्या जहाजावर माणशी दर दिवसाची टिप बिलातच लागते, आणि त्याच जहाजावरून जपानात उतरून कुठेतरी जेवले, टेबलावर सुट्टी नाणी ठेवली तर तिथली मुलगी रस्त्यापर्यंत धावत आली परत द्यायला. मला लगेच देवबाग आठवलं. पण जपानात ती मुलगी मालकीण नव्हती, नोकरीला होती, आणि तरी तिने परत दिले. चांगली सेवा हा तिच्या कामाचाच भाग आणि त्याचे पैसे पगारात आले असं तिकडे धरतात. तसं असेल तर मला टिप नकोच. नुसतं ते धरायला पगार तसा हवा.

आणि आपल्याकडे? मे महिन्यात मालवणात ये, बघ. बसस्टँडच्या बाजूच्या कुठल्याही हॉटेलात वाढणारी पोरं कोण आहेत, नेपाळची, झारखंडची, काही आपल्याच घाटाखालच्या वाड्यांतली. सकाळी घावण्यांपासून रात्री शेवटचं पार्सल जाईपर्यंत उभी. झोपायला हॉटेलच्याच माळ्यावर. १ जूनला मासेमारी बंद, पर्यटक बंद, मग निम्म्यांना घरी पाठवतात, बिनपगारी. किमान वेतनाचा कायदा हॉटेलांना लागू आहे, पण तो विचारायला येतं कोण?

तू विसरला नसशील, बारावीनंतर मी रत्नागिरीत आठ महिने हॉटेलात होतो. बिलाच्या बशीत बडीशेपेखाली दोन रुपये, पाच रुपये ठेवायचे लोक. ते आम्ही डब्यात टाकायचो आणि शनिवारी वाटून घ्यायचो. ग्लास फुटला की शेठ त्या डब्यातून भरपाई काढायचा. एकदा एका फॅमिलीने खूश होऊन शंभर ठेवले होते, आईला साडी घेऊ असं मी मनात ठरवलं होतं, आणि त्याच आठवड्यात पाण्याचा जग फुटला, माझ्याकडून नाही, तरी गेले त्यातले साठ. हे मी तुला पण कधी सांगितलं नव्हतं. इंग्लंडात आता कायदा झालाय, ऑक्टोबर २०२४ पासून टिपमधला एक पैसा मालकाने ठेवायचा नाही, सगळा कामगारांना. ते वाचलं तेव्हा तो डबा डोळ्यासमोर आला.

इकडे मोठ्या ठिकाणी वेगळीच तऱ्हा. मागे एका रिसॉर्टवर जेवलो, बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्येच सांगितलंय की हा चार्ज आपोआप लावायचा नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाने ते कायम केलं. मी काढा म्हटलं, त्यांनी तोंड वाकडं करून काढला. वाढणाऱ्या पोराला बाहेर विचारलं, हा चार्ज तुम्हाला मिळतो का रे? तो म्हणाला, "काय माहीत साहेब, आम्हाला पगारच मिळतो." मग जे वाचले ते त्याच्या हातात दिले. तेव्हापासून तसंच करतो.

आणि यूपीआयने तर राहिलेली टिप पण संपवली. आधी सुट्टे परत यायचे, त्यातली दहाची नोट बशीत राहायची. आता काउंटरला स्कॅन करून लोक सरळ गाडीकडे, चारशे चाळीस म्हणजे चारशे चाळीस. कोणाच्या मनात वाईट नाही, हातात नोटच नसते. म्हणून मी बँकेतून दहा-वीसच्या नोटा मागून आणतो आणि शर्टाच्या खिशात ठेवतो. बायको म्हणते किती देणार आणि कोणाकोणाला. माझ्याकडे उत्तर नाही, देतो एवढंच.

परवा बाजारात बांगडा थाळी खाल्ली आणि पेल्याखाली पन्नास ठेवले. बाहेर चप्पल घालताना मागे बघितलं. सतरा-अठराचं पोर, ओला फडका घेऊन आलं, काटे ताटात ओढले, पेला उचलला, नोट दिसली. त्याने आधी दाराकडे बघितलं, मी विसरलो की काय म्हणून. मी मान हलवली. मग ती खिशात न घालता काउंटरमागच्या प्लास्टिकच्या बरणीत नेऊन टाकली आणि आतल्या भांडीवालीला ओरडून सांगितलं, "ताई, पचास!"

तर ते १३ डॉलर, बरोबर केलेस तू. गाडीत जे बोललो त्याचं वाईट वाटतंय. पण तिकडे कधी मतदानात नाहीतर सहीच्या कागदावर तो २.१३ चा आकडा बदलायचा विषय निघाला तर नुसती टिप देऊन थांबू नकोस, तुझं मत दे. आणि मी इथल्या आमच्या ओळखीच्या दोन हॉटेलवाल्यांशी पावसाळ्यातल्या पगाराचं बोलणार आहे, एक तरी ऐकेल असं वाटतंय, दुसऱ्याचं कठीण आहे.

डिसेंबरात येताय ना नक्की? मावशीला सांगून ठेवलंय. येताना तिच्यासाठी तिकडची ती मोठी ॲल्युमिनियम फॉइलची गुंडाळी आण, गेल्या वेळी वैनींकडे बघून तिला फार आवडली होती, पैसे नाही पण एवढी भेट ती घेईल. वैनींना आमसुलं पाठवलीत, उन्हात नीट वाळवलेली आहेत. पोरांना पापा.

तुझाच,
मी