पूनमला, अठरा पूर्ण झाल्यावर

चि. पूनम,
अनेक आशीर्वाद.

परवा तुला अठरा पूर्ण झाली. फोनवर केकचं, हॉस्टेलच्या पोरींचं बोलून झालं आणि जे सांगायचं होतं ते राहून गेलं. ते फोनवर मला जमलंही नसतं. विषय रुपालीचा आहे.

तुम्ही दोघी एका बाकावरच्या. आठवीपर्यंत गावातली शाळा, पाठीशी शिक्षण हक्क कायदा. पण तो सहा ते चौदा वयापुरता. नेमकी काळजी सुरू होते तिथं तो हात सोडतो. हायस्कूल अकरा किलोमीटरवर. तुला मानव विकास योजनेच्या निळ्या बसनं नेलं-आणलं आणि संध्याकाळी घरी मी होते. तिचे आई-बाप दिवाळीनंतर ऊसतोडीला. वयात आलेली पोर सहा महिने कुणाच्या भरवशावर ठेवू, असं तिच्या आईनं मला विचारलं होतं. माझ्याकडं उत्तर नव्हतं. ऊसतोड कामगारांच्या लेकरांसाठी ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहं काढायची असं सरकारनं २०२१ मध्ये ठरवलं. फार चांगलं ठरवलं, पण आपल्याकडं त्याचं दार तेव्हा उघडलेलं नव्हतं. मुकादमाची उचल, म्हणजे तोडीआधीचा आगाऊ पैसा, मात्र वेळेवर येते, ती कोयत्यावर, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. लग्न लावलं की पोरीचा घोर मिटतो आणि सासरी नवा कोयता उभा राहतो. दहावीच्या सहामाहीनंतर तिला हळद लागली.

मला आदल्या रात्री कळलं होतं. गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी, आणि त्याला मदत करणं हे आम्हा अंगणवाडी सेविकांचं काम. १०९८ हा लेकरांच्या मदतीचा नंबर मीच अंगणवाडीच्या भिंतीवर रंगवून घेतलाय. मी फोन केला नाही. शेजार तुटेल, तिचा बाप कोठडीत जाईल, उचल कोण फेडील, असं घोकत रात्र काढली. सकाळी वाजंत्री वाजली. हे मी तुझ्या पप्पांनाही सांगितलेलं नाही.

आता नीट वाच. बालविवाह प्रतिबंध कायद्यात, तो २००६ चा, एक सोय आहे. लग्नाच्या वेळी अल्पवयीन असलेल्या मुलीला जिल्हा न्यायालयातून ते लग्न रद्द करून घेता येतं, अठरा पूर्ण झाल्यापासून दोन वर्षांच्या आत. लेकरू झालेलं असलं तरी ते औरसच राहतं. पोटगीचा, राहण्याच्या सोयीचा आदेश कोर्ट देऊ शकतं. विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईमाणसाला वकील फुकट मिळतो. रुपाली तुझ्याहून दोन महिन्यांनी मोठी. म्हणजे तिच्या हातात दोन वर्षांना दोन महिने कमी उरलेत.

तिला तिथंच नांदायचं असेल तर तिची मर्जी. मी तिला लग्न मोड म्हणणार नाही, तूही म्हणू नकोस. पण अशी वाट आहे हे तिला कुणी सांगितलेलंच नाही. मीही नाही.

उसाच्या फडावर जाण्याआधी ती दिवाळीत चार दिवस माहेरी येते. मला बघितलं की मान खाली घालते. तुझ्याशी बोलेल. तिला आपल्या घरी बोलावून घे आणि आतल्या खोलीत बसा दोघी. तिचं लेकरू तोवर मी सांभाळते.

तुझी,
आई