जॉर्जियाची मुलं स्वतःची गाणी गातात, मग आपल्या मुलांना ती कधी मिळणार?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

लहान मुलांच्या गाण्याच्या रिॲलिटी शोंवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. मुलांवरचं प्रेशर, रात्री उशिरापर्यंत चालणारं शूटिंग, आईबापांची हौस, सगळं बरोबर लिहिलंय. पण शेवटी "जगात सगळीकडे हेच चालतं" असं एक वाक्य टाकून दिलंय, ते काही पटलं नाही. मी नाशिकला लहान मुलांचे गाण्याचे क्लास घेते आणि गेली बरीच वर्षं ज्युनियर युरोव्हिजन, म्हणजे युरोपातल्या देशांची लहान मुलांची गाण्याची स्पर्धा, न चुकता बघते, यूट्यूबवर असतं, कोणालाही बघता येतं. त्यातल्या एका देशाबद्दल आपल्या वाचकांना सांगायलाच हवं असं वाटलं म्हणून हे पत्र. तो देश म्हणजे जॉर्जिया.

आधी स्पर्धेचं थोडक्यात सांगते. 2003 साली कोपनहेगनला सुरू झाली, आता वयाची अट 9 ते 14, गाणं तीन मिनिटांच्या आत, मुख्य आवाज स्टेजवर लाईव्हच गायचा, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे गाणं नवीन पाहिजे आणि त्याचा मोठा भाग आपल्या देशाच्या भाषेत पाहिजे. म्हणजे दुसऱ्याचं गाजलेलं गाणं घेऊन हुबेहूब गायलं की झालं, हा प्रकारच नाही. सुरुवातीला तर गाणं मुलांनीच लिहायचं असा नियम होता, तो नंतर सैल केला, आता मोठी माणसं लिहून देतात पण लिहितात त्या मुलासाठीच, त्याचा आवाज आणि त्याचं वय बघून.

आता जॉर्जिया. लोकसंख्या चाळीस लाखांच्या आत, आपल्या नाशिक जिल्ह्याएवढी पण नाही. भाषा वेगळी, लिपी वेगळी, शेजारच्या कोणाशी जुळत नाही. 2007 ला पहिल्यांदा या स्पर्धेत उतरले आणि पहिल्याच वर्षी चौथे आले. दुसऱ्या वर्षी, 2008 ला, सायप्रसमधल्या लिमासोलला थेट जिंकले. ते गाणं जरूर ऐका. ब्झिकेबी नावाचा तीन मुलांचा ग्रुप, काळ्यापिवळ्या मधमाश्यांचे ड्रेस घातलेले, आणि गाण्यात अर्थाचे शब्दच नाहीत, नुसती गुणगुण आणि आवाजांचा खेळ. पण तीन आवाज इतके चोख एकमेकांत बसलेत की गाणं शिकवणाऱ्या कुठल्याही माणसाला हेवा वाटावा. एक वरचा धरून ठेवतो, दुसरा खाली सरकतो, तिसरा मधून फिरतो आणि कोणी कोणाच्या सुरावर घसरत नाही. दहाबारा वर्षांच्या पोरांना हे जमवायला काय मेहनत लागते ते मला माहितीये, माझ्या क्लासमध्ये साधे दोन वेगळे सूर एकत्र लावायला सांगितले तरी पाच मिनिटांत सगळे एकाच सुरावर येऊन बसतात.

आणि वर्ष बघा. त्याच ऑगस्टमध्ये रशिया आणि जॉर्जियाचं युद्ध झालं होतं. नोव्हेंबरमध्ये स्पर्धा, आणि रशियाने आपले सगळ्यात जास्त, म्हणजे 12 पॉइंट, या जॉर्जियाच्या मुलांना दिले. पुढच्या वर्षीचं मोठ्यांचं युरोव्हिजन मॉस्कोत होतं, जॉर्जियाने युद्धाच्या निषेधार्थ जायचं नाही असं आधी जाहीर केलं होतं, पण मुलं जिंकली, रशियाकडून 12 पॉइंट मिळाले, म्हणून त्यांनी तो निर्णय फिरवला. नंतर मोठ्यांच्या गाण्यात पुतिनवरून केलेला शब्दांचा खेळ आयोजकांना चालला नाही, बदला म्हणाले, यांनी नकार दिला आणि शेवटी गेलेच नाहीत, तो भाग वेगळा. पण मुलांच्या एका गाण्याने तेवढं दार किलकिलं केलं होतं हे मला फार मोठं वाटतं.

त्यानंतर 2011 ला येरेवानमध्ये पाच मुलींच्या कँडी या ग्रुपने परत जिंकलं, जॉर्जियाला 108 आणि नेदरलँड्सला 103, म्हणजे पाच पॉइंटचाच फरक. 2016 ला माल्टात मरियम मामादाश्विली ही एवढीशी मुलगी जिंकली. 2017 ला स्पर्धा त्यांच्याच राजधानीत, तिबिलिसीला झाली, घरच्या लोकांसमोर, तिथे तीन पॉइंटने पहिला नंबर हुकला. 2024 ला माद्रिदमध्ये आंद्रिया पुतकाराद्झे हा मुलगा आईवरचं गाणं गाऊन जिंकला आणि जॉर्जिया चार वेळा जिंकणारा पहिला देश झाला. त्यामुळे डिसेंबर 2025 ला स्पर्धा परत तिबिलिसीला आली, त्यात फ्रान्स जिंकला आणि आता त्यांचेही चार विजय झालेत. पण फ्रान्सची लोकसंख्या किती, पैसा किती आणि जॉर्जियाचा किती! मोठ्यांच्या युरोव्हिजनमध्ये तर जॉर्जिया कधी नवव्या नंबरच्या वर गेलेला नाही, 2017 ते 2023 मध्ये फायनलपण गाठता आली नाही. मग मुलंच कशी काय जिंकतात?

माझं उत्तर साधं आहे, तिथे मुलांचं गाणं हे मुलांचं म्हणून गांभीर्याने घेतात. त्यांच्या पब्लिक टीव्हीवर रानिना नावाचा मुलांचा शो आहे, त्यातून गेल्या काही वर्षांत स्पर्धेसाठी मूल निवडतात आणि मग त्याच्यासाठी नवीन गाणं तयार होतं. आणि त्याच्याही मागे घरातलं गाणं आहे. जॉर्जियात तीन आवाजांत मिळून गायची फार जुनी परंपरा आहे, 2001 ला युनेस्कोने तिची दखल घेतली. 1977 ला व्हॉयेजर यानाबरोबर जी सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी अवकाशात पाठवली, तिच्यावर आपल्या गोव्याच्या केसरबाई केरकरांची भैरवी आहे हे आपल्याला अभिमानाने माहीत असतं, त्याच तबकडीवर जॉर्जियाचं चाक्रुलो हे गाणं पण आहे. फरक एवढाच की त्यांच्याकडे ते गाणं अजून जेवणाच्या टेबलावर गायलं जातं.

हे मी ऐकीव लिहीत नाहीये. माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी तिबिलिसीला मेडिकलला आहे, आपल्याकडची बरीच मुलं हल्ली एमबीबीएसला तिथे जातात. तिने घरमालकीणबाईंच्या नातवाच्या वाढदिवसाचा व्हिडिओ पाठवला होता. जेवणं चाललीयेत, आजीने बसल्या बसल्या गाणं सुरू केलं, मुलाच्या मामाने खालचा सूर धरला, आणि तो नातू, हातात केकची प्लेट तशीच, मधला आवाज घेऊन गायला लागला. कोणी त्याला "गाऊन दाखव बाळा" म्हटलं नाही, कोणी मोबाईल त्याच्या तोंडासमोर धरला नाही (आमची मुलगी सोडून). तो गाण्यात सामील झाला एवढंच.

आता आपल्याकडे. 2008-09 चा मराठी लिटिल चॅम्प्स आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतला, ती पाचही मुलं गुणी, त्यांच्याबद्दल बोलायचंच नाही. पण आठवून बघा, त्या स्टेजवर मुलं कोणाची गाणी गायली? मोठ्यांची, मोठ्यांसाठी लिहिलेली, मोठ्यांनी गाजवलेली. अजूनही तेच चाललंय. माझ्याकडे आठ वर्षांच्या मुलीला घेऊन पालक येतात आणि म्हणतात, बाई हिला स्टेजवर वाजेल असं काहीतरी द्या, आणि स्वतःच लावणीचं नाव सांगतात. मुलीला शृंगाराचा अर्थ कळत नाही, पट्टी तिच्या गळ्याला झेपत नाही, घसा ताणून ताणून ती गाते आणि सगळे टाळ्या वाजवतात. मी नाही म्हणते तेव्हा पालक विचारतात मग दुसरं काय गायचं, आणि खरं सांगू, तिथे माझ्याकडे द्यायला फार थोडं असतं. मीना खडीकरांनी आपल्या घरातल्याच योगेश आणि रचना या मुलांकडून जी बालगीतं गाऊन घेतली ती अजून गॅदरिंगला वाजतात, पण त्यांना पन्नासेक वर्षं होत आली. त्यानंतर मुलांच्या गळ्याला बसणारी, मुलांच्या आजच्या जगातली किती नवी मराठी गाणी आली जी घराघरात गेली?

युरोपात सगळं छान आहे असंही मला म्हणायचं नाही. मुलांवर फार ताण येतो म्हणून डेन्मार्क आणि नॉर्वे 2005 नंतर या स्पर्धेतून बाहेरच पडले, त्यांनी आपली वेगळी छोटी स्पर्धा केली. पण आयोजकांनीही काही गोष्टी केल्या, कितीतरी वर्षं प्रत्येक मुलाला सुरुवातीलाच 12 पॉइंट देऊन टाकायचे, म्हणजे कुठलंही मूल शून्यावर घरी जाणार नाही. आपल्याकडे मूल एलिमिनेट होताना रडतं आणि कॅमेरा मुद्दाम त्याच्या डोळ्यांवर झूम होतो, वर म्युझिक. एवढं तरी थांबवता येईल की नाही?

म्हणून माझी विनंती दोन ठिकाणी आहे. एक चॅनलवाल्यांना, की मुलांच्या शोमध्ये निदान एक फेरी पूर्ण नव्या मराठी बालगीतांची ठेवा, कवी आणि संगीतकार आपल्याकडे कमी नाहीत, त्यांना मानधन द्या, आणि परीक्षकांनी "अगदी लतादीदींसारखं गायलीस" हे वाक्य त्या फेरीत म्हणायचं नाही. दुसरी विनंती आपल्यालाच. आपल्या पेपरमध्ये मुलांचं पान आहे, त्यात कोडी असतात, चित्रं असतात, विज्ञान असतं. आठवड्याला एक नवीन मुलांची कविता, चालीच्या साध्या सा रे ग म सकट, छापता येईल का? वाचकांकडूनच मागवा, ढीग येईल. ती वाचून निवडायला माणूस कमी पडत असेल तर मी विनामूल्य यायला तयार आहे, आणि आलेलं प्रत्येक गाणं क्लासमधल्या मुलांकडून बसवून रेकॉर्डिंग पाठवायची जबाबदारी माझी.

आपली नियमित वाचक,
गाण्याच्या क्लासच्या बाई, नाशिक