बाईंचं ब्लेड आणि ‘अस्सल सागवान’

आदरणीय बाईंना सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानायला गेलं की तुम्ही ‘चहा गार होतोय’ म्हणून विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय, इथे मला मधेच अडवता येणार नाही.

पुण्यात जुनं लाकूड घेणाऱ्याला एकच उत्तर मिळतं : ‘साहेब, वाड्याचं आहे, अस्सल सागवान!’ भवानी पेठेतलं टिंबर मार्केट काय नि जुना बाजार काय, वाडा म्हटलं की साग हे ठरलेलंच. शनिवारवाड्यासाठी जुन्नरच्या जंगलातून साग आणला होता हे खरं, पण पेशव्यांची ऐपत प्रत्येकाची थोडीच होती? साध्या वाड्यांत परवडेल ते लाकूड लागायचं. सदाशिव पेठेतला आत्याचा वाडा पुनर्विकासाला गेला तेव्हा तुळ्या, कडीपाटाच्या फळ्या, कपाटांची दारं असा टेम्पोभर माल मी आमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात आणून टाकला. वर चुलीची काजळी, तेल आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा ऑइलपेंट. ओळखीच्या सुतारांना दाखवलं, तर जितके सुतार तितकी नावं.

आयुष्यभर वनस्पतिशास्त्र शिकवलेल्या तुम्हाला तिथल्या तिथे नावं सांगून मोकळं होता आलं असतं. तुम्ही विचारलंत, ‘दाढीचं नवं ब्लेड आहे का घरात?’

करवतीनं कापलेल्या टोकावर धागे फाटलेले असतात, तिथे काहीच दिसत नाही. नखाएवढी जागा ब्लेडनं एका ओढीत तासायची, पाण्याचं बोट लावायचं, सोनार वापरतात तसलं दहापट भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि लाकूड भिंगाकडे आणायचं. मी उलटं करायला गेलो की तुम्ही माझी कोपरं धरून सरळ करायचात. मग एकदाची ती तुळई दिसली : मोठ्या छिद्रांचा एक पट्टा, पुढे छिद्रं बारीक होत गेलेली, की पुन्हा मोठ्यांचा पट्टा. पट्टा सुरू झाला की झाडाच्या वाढीचं नवं वर्ष सुरू. काही छिद्रांत पांढुरकं काहीतरी दाटलेलं. ताज्या तासावर चामड्यासारखा वास, बोटाला मेणचट. साग!

शेजारची फळी वरून अगदी तशीच तपकिरी. पण भिंगाखाली पट्ट्यांचा पत्ताच नाही. ठळक छिद्रं सगळीकडे विखुरलेली, प्रत्येकाभोवती फिकट कडं. रंधा फिरवला तर आतून पिवळीधमक. फणस. ‘रंग सगळ्यात शेवटी बघायचा,’ असं तुम्ही म्हणालात ते तेव्हा पटलं. ऊन, धूर, पॉलिश, कशानंही रंग बदलतो. छिद्रांची मांडणी मात्र कुठल्याही पॉलिशला बदलता येत नाही.

वजनाचं गणितही तुमचंच. चौकोनी ठोकळा कापायचा, मापं घ्यायची, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायचा. वाळलेला साग घनमीटरला साधारण 650 किलो भरतो. ऐनाचं लाकूड त्याहून बरंच जड. (काटा जागेवर परत न ठेवल्याबद्दल घरून जे ऐकावं लागलं, त्यात तुमचंही नाव होतं.)

सगळ्यात मजा बिवळ्याच्या लाकडानं आणली. जुन्या पलंगाचा लालसर तपकिरी पाय, त्याला सगळे शिसव म्हणत होते. उभ्या बाजूवर भिंगातून पाहिलं तर आडव्या बारीक लहरी, एकीवर एक रचल्यासारख्या. त्या शिसवातही असतात आणि बिवळ्यातही, त्यामुळे तेवढ्यानं निकाल लागेना. तुम्ही रंध्याच्या चार ढलप्या काचेच्या पेल्यात भिजत घालायला सांगितल्यात. पाणी पिवळसर झालं, आणि पेला गॅलरीतल्या उन्हात काळ्या कापडापुढे धरला तर त्याच पाण्यावर निळी झाक! मधुमेहावर म्हणून या लाकडाचे पेले विकतात, तेही मी विचारून पाहिलं. ‘औषधाचं डॉक्टरांना विचार, माझ्याशी लाकडाचं बोल,’ एवढंच उत्तर मिळालं.

खरे आभार मात्र एका नकारासाठी. दोन तुळ्या ऐनाच्या की किंजळीच्या, हे मला काही करून हवं होतं. तुम्ही दोन्ही टोकं बघितलीत आणि भिंग खाली ठेवलंत. ‘दोन्ही एकाच प्रजातीतली (जीनसमधली), टर्मिनॅलिया. भिंगावर मी इथेच थांबणार, तूही थांब.’ पुढचं हवंच असेल तर नमुना बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान संस्थेकडे पाठव म्हणालात. प्रयोगशाळेत लाकूड उकळून मऊ करतात, तिन्ही दिशांनी पापुद्र्यासारखे काप काढतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून खात्रीच्या नमुन्यांशी ताडून बघतात. माझ्या बाकड्याच्या पायांसाठी एवढा खटाटोप कशाला? तुळ्यांवर खडूनं ‘ऐन किंवा किंजळ’ लिहिलं आणि कामाला लागलो. ठामपणे नाव ठोकून देणारे मला पुष्कळ भेटले होते. आपलं ज्ञान कुठे संपतं ते बोटानं दाखवणाऱ्या तुम्हीच.

तुमच्या नादानं आता आमच्या सोसायटीत फांद्या छाटायला माणसं आली की मी आधी खाली उतरतो. पानं बघून झाडाची खात्री करतो आणि मगच ठोकळा मागून घेतो. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर, सुबाभूळ, आंबा : प्रत्येकावर नाव, तारीख, जागा. अनोळखी तुकडा आला की यांच्या शेजारी ठेवून बघायचा. वॉचमनला वाटतं मी सरपण गोळा करतोय.

तुमच्या सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्ट्यांसाठी केलेली पेटी रविवारी घेऊन येतो. बाजू सागाच्या, झाकण फणसाचं, असं माझं म्हणणं आहे. आतला एक कोपरा पॉलिश न करता सोडलाय आणि सोबत नवं ब्लेड ठेवलंय.

आपला नम्र,
खालच्या पार्किंगमधला हौशी सुतार
कोथरूड, पुणे