माझ्या मुलाला आधी विचारणाऱ्या सिस्टरना

प्रिय सिस्टर,

तुमचं नाव लिहीत नाही, पण वाचलंत तर लगेच ओळखाल.

बायकोला ब्रेस्ट कॅन्सर निघाला तेव्हा आमचा मुलगा पाच वर्षांचा होता. त्याला काय सांगायचं, हे ज्यांना विचारलं त्यांनी हात झटकले. "आई गावाला गेलीय म्हणा." "एवढ्याशा पोराला काय कळतंय!" आधीच्या हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी तर मान वर न करता फर्मावलं, "त्याला बाहेर न्या." अहो, कळत होतं त्याला! आईने जवळ बोलावलं की तो दाराशीच थबकायचा.

केमोच्या दिवशी तुम्ही हातातली फाइल बाजूला ठेवून त्याच्यासमोर चक्क फरशीवर बसलात. विचारलंत, "आईला काय झालंय, तुला काय वाटतं?" आणि गप्प राहिलात. मी मध्ये बोलायला गेलो तर हातानेच थांबवलंत. वॉर्ड भरलेला, दोन बेल वाजत होत्या, तरी त्याच्यावरची नजर हलवली नाहीत. बऱ्याच वेळाने तो पुटपुटला, "मी म्हटलं होतं, तू मला नकोस. म्हणून झालं."

माझ्या पोटात गोळाच आला.

"रागाने बोलल्याने कॅन्सर होत नाही रे," तुम्ही म्हणालात. "सर्दीसारखा तो एकाचा दुसऱ्याला लागतही नाही." केस औषधाने गळतील, औषध थांबलं की परत येतील, हेही सांगितलंत. मग नळाखाली त्याचे हात धुतलेत आणि आईच्या सलाइन नसलेल्या हातात दिलेत. "धर घट्ट."

या वयाची मुलं घरातल्या वाईटाचं कारण स्वतःत शोधतात, हे तुम्ही नंतर मला सांगितलंत. पण आभार मानायचे आहेत ते तुमच्या त्या गप्प राहण्याचे. ते कोणी तुम्हाला सांगितलं नव्हतं, तुमच्या ड्यूटीतही बसत नव्हतं. कुठलाही गाजावाजा न करता असं वागणारी माणसं आहेत, म्हणून आमच्यासारख्यांचं निभावतं.

आता ऑपरेशन आहे. "आईला झोपवणार" असं मी त्याला सांगणार नाही, नाहीतर रात्री झोपायलाच घाबरेल. कापताना दुखू नये म्हणून डॉक्टर वेगळं औषध देतात, काम झालं की उठवतात, असं सांगेन. पण आधी त्याला काय वाटतंय ते विचारेन.

मनापासून आभार, सिस्टर.

त्याचा बाबा